पाऊस की साप?

लाल डोळ्यांचा तो हिरवागार बेडूक तुम्ही नक्की पाहिलेला आहे. कॅलेंडरवर, मुलांच्या वहीच्या पुठ्ठ्यावर, नाहीतर मोबाइलच्या वॉलपेपरवर. ‘जंगल वाचवा’ म्हणणाऱ्या कितीतरी पोस्टरांवर हाच बसलेला असतो. नारिंगी पंजे पानाला चिकटलेले, कुशीला निळे-पिवळे पट्टे, आणि डोळे असे की कुणी डाळिंबाचे दोन दाणे आणून बसवलेत. मी बरीच वर्षं समजत होतो की छायाचित्रकार त्यात रंग भरत असणार. नाही. तो खरोखरच तसा दिसतो.

देखणेपणाचा एक तोटा असतो. लोक चेहऱ्यापाशीच थांबतात. या बेडकाचं तेच झालं. त्याच्या डोळ्यांचे लाखो फोटो निघाले, पण त्याच्या आयुष्यातली सगळ्यात नवलाची गोष्ट डोळ्यांत नाहीच. ती त्याच्या पहिल्या आठवड्यात घडते, तो अजून बेडूकमासाही झालेला नसतो तेव्हा, पाण्यावर लोंबणाऱ्या एका पानावर, हरभऱ्यापेक्षा लहान अंड्यात.

आधी ओळख उरकून घेऊ. शास्त्रीय नाव अगॅलिक्निस कॅलिड्रायस. एडवर्ड ड्रिंकर कोप या अमेरिकी प्राणिशास्त्रज्ञाने १८६२ साली हे नाव ठेवलं. शास्त्रज्ञांनी ठेवलेली नावं सहसा रुक्ष असतात. (‘नावं ठेवणं’ इथे चांगल्या अर्थाने.) कोप मात्र या बेडकापुढे विरघळलेला दिसतो, कारण ‘कॅलिड्रायस’ या ग्रीक शब्दजोडीचा अर्थ होतो सुंदर वनदेवता. दक्षिण मेक्सिकोपासून मध्य अमेरिकेतून खाली पनामापर्यंत, आणि थोडासा कोलंबियाच्या वायव्य कोपऱ्यात, सखल भागातल्या दमट जंगलांत ही वनदेवता राहते. नर जेमतेम ५ सेंटिमीटरचा, मादी ७ च्या आसपास.

दिवसा तुम्ही त्या जंगलात गेलात तर तो दिसणार नाही, आणि दिसला तरी ओळखू येणार नाही. पानाच्या खालच्या अंगाला तो पोट चिकटवून झोपलेला असतो. पाय असे आवळून घेतलेले की नारिंगी पंजे पोटाखाली गेले आणि निळे-पिवळे पट्टे मांड्यांनी झाकले गेले. उरतो फक्त हिरवा फुगवटा, पानाला फोड आल्यासारखा. डोळ्यांवर खालून एक पडदा चढलेला असतो. त्याला पापणी म्हणावं तर तो अर्धवट पारदर्शक आहे, आणि त्यावर सोनेरी तारेने विणल्यासारखी जाळी आहे. घरात जाळीचा पडदा ओढून आपण बाहेरचं बघतो, पण बाहेरच्याला आत दिसत नाही, तशातला प्रकार.

कुणी धक्का दिला की पडदा खाली जातो आणि ते लाल डोळे एकदम उघडतात. शत्रू क्षणभर दचकतो आणि तेवढ्यात बेडूक उडी मारतो, असं स्पष्टीकरण सगळीकडे वाचायला मिळतं. असेलही. मला ते जरा जास्तच सोयीचं वाटतं, कारण हा प्राणी निशाचर आहे आणि त्याचे डोळे उघडे असण्याचा बहुतेक वेळ अंधारातच जातो. शिवाय कुशीचे रंग सगळीकडे सारखे नाहीत. कोस्टारिकाच्या कॅरिबियन बाजूला ते निळे असतात, तर प्रशांत महासागराच्या बाजूला नारिंगीकडे झुकतात. एकाच शत्रूला एकाच पद्धतीने दचकवायचं असतं तर एवढी रंगरंगोटी कशाला? पण ते असो. आपल्याला अंड्यांकडे जायचं आहे, आणि तिथे जायची वाट रात्रीच्या डबक्यावरून जाते.

पावसाळा लागला की नर डबक्याकाठच्या झुडपांवर उतरतात आणि ‘चॅक्, चॅक्’ असा तुटक आवाज काढू लागतात. ओरडणं एवढंच त्यांचं बोलणं आहे, असं खूप दिवस वाटत होतं. मग मायकेल कॉल्डवेल हा संशोधक आणि त्याच्या सहकाऱ्यांनी पनामात अंधारात चालणाऱ्या कॅमेऱ्यांनी नरांची भांडणं टिपली. एकाच झुडपावर दोन नर आले, की ते चार पायांवर अंग उचलतात आणि मागचा भाग जोरजोरात हलवतात, सेकंदाला साधारण १२ वेळा. फांदी थरथरते, थरथर दुसऱ्याच्या पायापर्यंत पोहोचते, आणि तोही तशीच फांदी हलवून उत्तर देतो. हे पाहून होतं की जाणवून? ते ठरवायला या मंडळींनी एक यांत्रिक बेडूक तयार केला आणि फांदी हलवणारं एक यंत्रही लावलं. फांदी हलली की नर उत्तर द्यायचा, समोर कुणी दिसो न दिसो. २०१० साली हे प्रसिद्ध झालं. पान आणि फांदी हा या बेडकांचा टेलिफोन आहे, एवढं लक्षात ठेवा. पुढे त्याच टेलिफोनवर अंडीही कान लावून बसलेली भेटतील.

मादी येते, नर तिच्या पाठीवर बसतो, आणि पुढचं सगळं काम मादी करते. ती आधी पानावर जात नाही, पाण्यात जाते. पाठीवरच्या नवऱ्यासकट डबक्यात उतरते आणि दहाएक मिनिटं नुसती बसून राहते. बेडूक तोंडाने पाणी पीत नाही, तो ते पोटाच्या कातडीतून शोषतो. मादीची मूत्रपिशवी अशी भरली की ती परत झाडावर चढते, पाण्यावर आलेलं एखादं पान निवडते आणि त्यावर सुमारे ४० अंडी घालते. बाहेर येतात तेव्हा अंड्यांभोवतीची जेली आटलेली असते. मादी साठवून आणलेलं पाणी त्यावर सोडते आणि ती जेली साबुदाण्यासारखी फुगते. मग ती पुन्हा खाली पाण्यात. पुन्हा वर. एका रात्रीत असे दोन-तीन घाणे निघू शकतात, आणि दर खेपेला नर पाठीवर स्वार. डबक्याशी दुसरे नर टपलेले असतातच, तेही लटकायला बघतात.

सकाळी पानावर जे दिसतं ते फालुद्यातल्या सब्जासारखं. पारदर्शक, बुळबुळीत, थुलथुलीत गोळा आणि त्यात फिकट हिरवे मणी.

आपल्याकडे आंबोलीला पावसाळ्यात गेलेल्यांना यातला निम्मा प्रकार ओळखीचा वाटेल. तिथला मलबारी उडता बेडूकही अंडी पाण्यात घालत नाही, पाण्याच्या वर टांगतो. फक्त जेलीऐवजी तो फेस करतो. मादी अंगातून स्राव सोडते आणि मागच्या पायांनी तो घुसळून घुसळून अंड्याच्या पांढऱ्यासारखा फुलवते. एका पाण्याच्या सिमेंटच्या टाकीवर वाकलेल्या फांदीला असा फेसाचा गोळा लटकलेला मी पाहिला होता. आधी वाटलं कुणीतरी साबणाचा फेस फेकलाय. हे दोन बेडूक एकमेकांचे जवळचे नातलग नाहीत. दोन खंडांवर, दोन वेगळ्या घराण्यांत, तोच उपाय स्वतंत्रपणे निघाला. कारणही उघड आहे. डबक्यात मासे असतात, पाणकिडे असतात, इतर बेडूकमासे असतात, आणि बेडकाचं अंडं म्हणजे त्यांच्यासाठी आयतं ताट. ते ताट उंचावर ठेवलं की खालच्यांचा हात पोहोचत नाही.

पण वरच्यांचा पोहोचतो.

मध्य अमेरिकेत मांजरडोळ्या नावाचा एक सडपातळ साप आहे. आपल्याकडच्या मांजऱ्या सापाचीच आठवण व्हावी असे उभ्या बाहुलीचे डोळे, तसाच रात्री झुडपांतून फिरणारा. साप वेगळा, नावामागची कल्पना एकच. याला बेडकांची अंडी फार आवडतात. पानाच्या देठावरून तो सावकाश खाली येतो, गोळ्यात तोंड खुपसतो आणि जेलीसकट घास तोडतो. दिवसा हेच काम पोपटी रंगाचा दुसरा एक साप करतो. एका पानावरची सगळी अंडी संपवणं त्यांना सहज जमतं.

१९९० च्या दशकाच्या सुरुवातीला कॅरेन वॉर्केंटिन ही तरुण संशोधक कोस्टारिकातल्या कोर्कोव्हाडो राष्ट्रीय उद्यानात हीच अंडी बघत होती. कुणी त्रास दिला नाही तर पिल्लं सहा-सात दिवसांनी अंड्यातून बाहेर पडतात आणि खाली पाण्यात टपकतात. पण साप आला की वेगळंच घडत होतं. अंडी चार-पाच दिवसांचीच असली तरी सापाने घास घेताच उरलेली पिल्लं भराभर अंडी फोडून पाण्यात उड्या टाकत होती. अजून दोन दिवस आत राहायचं असलेली पिल्लं! आपल्याकडे बाळाच्या पाचवीला सटवाई येते आणि कपाळावर नशीब लिहून जाते म्हणतात. इथे पाचवीला साप येतो, आणि नशिबाची ओळ पिल्लू स्वतः खोडून नव्याने लिहितं. वॉर्केंटिनचा शोधनिबंध १९९५ साली आला, आणि ‘अंडं कधी फुटायचं ते ठरलेलं असतं’ ही समजूत तिथून सैल होऊ लागली.

अर्थात कुणीही शहाणा माणूस विचारेल, की यात पिल्लांनी काय केलं? कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडली असेल. सापाने दात लावले, जेली फाटली, अंडी फुटली, आत होतं ते खाली पडलं. एवढ्यासाठी अंड्याला अक्कल कशाला चिकटवायची?

शंका रास्त होती आणि तिचं उत्तर शोधायला काही वर्षं गेली. काम आता पनामाच्या गांबोआ गावी चाललं होतं. पनामा कालव्याच्या काठचं हे गाव, तिथे स्मिथसोनियन संस्थेचं उष्णकटिबंधीय संशोधन केंद्र आहे आणि भोवती पुष्कळ डबकी. आपला फोन आडवा केला की चित्र आडवं होतं, ते आतल्या एका चिमुकल्या संवेदकामुळे. त्याच जातीचा संवेदक वॉर्केंटिनने अंड्यांच्या गोळ्यात खोचला आणि साप अंडी खात असताना गोळा कसा हलतो ते नोंदवलं. मग वादळी पावसात गोळा कसा हलतो तेही नोंदवलं. आता साप बाजूला. एका कंपनयंत्राला बोथट धातूच्या काड्या जोडल्या, त्या दुसऱ्या एका गोळ्यातल्या अंड्यांच्या मधे अलगद सरकवल्या आणि नोंदवलेली थरथर जशीच्या तशी ‘वाजवली’. टेपरेकॉर्डरवर गाणं लावावं तशी.

सापाची टेप लावली, पिल्लं बाहेर पडली. साप नव्हता, त्याचा वास नव्हता, दात नव्हते, एकही अंडं फाटलेलं नव्हतं. पावसाची टेप लावली तेव्हा बहुतेक पिल्लं आतच राहिली.

इथे मला थांबावंसं वाटतं. पाच दिवसांच्या त्या जिवाने साप कधी पाहिलेला नाही. पाऊसही पाहिलेला नाही, त्याने फक्त तो सोसला आहे. त्याच्या वाट्याला आलेलं सगळं जग म्हणजे जेलीचा गोळा आणि त्यात उठणारी थरथर. आणि त्या थरथरीतून ते ओळखतं की हे कोण आहे.

कसं ओळखतं? सापाचा आणि पावसाचा ताल वेगळा आहे. साप घास ओढतो, थांबतो, चिकट जेली गिळत बसतो, पुन्हा ओढतो. पावसाचे थेंब टप-टप-टप, बारीक, दाट, मधे फारशी उसंत नाही. नंतरच्या प्रयोगांत वॉर्केंटिन आणि तिच्या सहकाऱ्यांनी खरी टेप बाजूला ठेवून कृत्रिम थरथर तयार केली आणि धक्क्याची लांबी व मधली शांतता हवी तशी बदलून पाहिली. धक्का सुमारे अर्ध्या सेकंदाचा आणि त्यानंतर दीड ते अडीच सेकंद शांतता, असा ताल असला तेव्हा सर्वांत जास्त पिल्लं पळाली. धक्के तेच ठेवून मधली शांतता कमी केली, तर पिल्लं निवांत. म्हणजे ती नुसता धक्का मोजत नाहीत, धक्क्यांमधली शांतताही मोजतात. तबला शिकणाऱ्याला मात्रांइतकंच खालीचं भान ठेवावं लागतं, तसं.

याचाच अर्थ, पहिल्या धक्क्याला कुणी पळत नाही. शांतता मोजायची तर पुढचा धक्का येईपर्यंत वाट पाहावी लागते, आणि साप खरा असेल तर तेवढ्या वेळात शेजारचं अंडं त्याच्या घशाखाली गेलेलं असतं. थांबलो तर जीव जाईल आणि घाई केली तर फुकट पळू, अशी ही कोंडी.

फुकट पळालं तर काय बिघडतं? पुष्कळ बिघडतं. खाली पाणी आहे, आणि पाण्यात तीच मंडळी आहेत ज्यांच्यापासून वाचायला आईने अंडी वर टांगली होती. मासे, झिंगे, मोठे पाणढेकूण. वेळेवर आलेला बेडूकमासा अंगाने मोठा, पोहायला चपळ. दोन दिवस आधी आलेला लहान, लेचापेचा, पोटाशी अजून बलकाची पिशवी धरलेला. मासे आणि झिंगे त्यांच्यातल्या लवकर आलेल्यांना जास्त सहज पकडतात, हे १९९५ च्या कामातही दिसलं होतं. आगीतून उठून फुफाट्यात पडण्याचाच हा प्रकार. फक्त आगीत मरण नक्की असतं आणि फुफाट्यात निदान संधी असते, म्हणून साप असेल तर उडी परवडते. साप नसेल तर तीच उडी शुद्ध मूर्खपणा. आणि त्या जंगलात पावसाळ्यात पाऊस काही नवलाईने येत नाही, जवळजवळ रोज कोसळतो. दर सरीला घाबरणारी पिल्लं असती तर तो वंश कधीच बुडाला असता.

हा हिशोब वयाप्रमाणे बदलतो, ही या कामातली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट. लहान भ्रूण फार चिकित्सक असतात. थरथर अगदी सापासारखी असल्याशिवाय हलत नाहीत, कारण चुकलं तर त्यांना भुर्दंड मोठा. बाहेर पडायची वेळ जवळ आलेले भ्रूण जरा संशय आला तरी निघतात. आज ना उद्या निघायचंच होतं, दोन-चार तास आधी गेल्याने काय मोठं बिघडणार? स्टेशनवर लवकर पोहोचलेला प्रवासी आणि गाडी सुटायच्या बेतात असलेला प्रवासी घोषणा वेगवेगळ्या कानांनी ऐकतात, त्यातलंच हे.

कानांवरून आठवलं. चार दिवसांच्या भ्रूणाला कान असतात का? बाहेरून दिसणारे नाहीतच, बेडकांना कानाची पाळी कधीच नसते. पण आतला कान, ज्याने आपल्यालाही तोल आणि हालचाल कळते, तो हळूहळू घडत असतो. इथे एक विचित्र गोष्ट संशोधकांच्या लक्षात आली. एका ठरावीक वयाची अंडी पाण्यात बुडवली तर पिल्लं बाहेर येत, कारण पाण्याखाली त्यांना प्राणवायू कमी पडतो. पण त्याच वयाची अंडी हलवली तर ती ढिम्म. म्हणजे अंडं फोडण्याची ताकद होती, तरी धोका ‘ऐकू’ येत नव्हता. साप आला तर ती बाहेर पडू शकत असूनही खाल्ली जाणार!

ज्युली जुंग या संशोधिकेने याचं मूळ आतल्या कानात शोधलं. पद्धत इतकी साधी आहे की हेवा वाटावा. आपण मान एका बाजूला कलती केली की डोळे आपसूक उलट्या दिशेला थोडे फिरतात, म्हणून समोरचं जग तिरकं होत नाही. आतला कान काम करत असेल तरच हे होतं. जुंगने इवल्या भ्रूणाला एका नळीत धरलं, नळी गोल फिरवली आणि डोळे उलट फिरतात का ते पाहिलं. ज्या वयात डोळे फिरायला लागले, साधारण त्याच वयात पिल्लं थरथरीला घाबरून पळायलाही लागली. कान तयार, पोर सावध.

आता पळणं म्हणजे नक्की काय, ते जवळून पाहू. बहुतेक बेडकांची पिल्लं अंड्यातून तासन्‌तास घेऊन निघतात. तोंडावर आणि डोक्यावर पसरलेल्या ग्रंथींतून विकरं, म्हणजे एन्झाइम, हळूहळू पाझरतात आणि अंड्याचं आवरण विरघळवत नेतात. सापासमोर तासन्‌तास कुणाला आहेत? २०१६ साली वॉर्केंटिनच्या गटातल्या क्रिस्टिना कोहेनने अतिवेगवान कॅमेऱ्याने ही सुटका चित्रित केली. पिल्लू आधी अंड्यातल्या अंड्यात थरथरतं आणि तोंड उघड-मीट करतं. अजून आवरण धड आहे. मग नाकाडासमोर एकदम एक लहानसं भोक पडतं, कारण याच्या ग्रंथी सगळीकडे विखुरलेल्या नसून नाकाडाच्या टोकाशी दाटीने गोळा झालेल्या आहेत, आणि विकर साठवून ठेवून ऐनवेळी सगळं एकाच जागी सोडलं जातं. भोक पडलं तरी काम अर्धंच. नाक भोकाशीच ठेवून पिल्लू शेपटीचे फटकारे मारत त्यातून स्वतःला रेटतं. नाक भोकापासून सरकलं, तर अंगात जोर असूनही बाहेर पडता येत नाही. पहिल्या थरथरीपासून बाहेर येईपर्यंतचा वेळ साडेसहा ते ४९ सेकंद. पुढचं काम गुरुत्वाकर्षणाचं.

साप हा एकच शत्रू नाही, आणि सगळ्यांना एकच उत्तर चालत नाही. पनामात एक गांधीलमाशी या अंड्यांवर येते. ती साप नव्हे. एका वेळी एकच अंडं निवडते, आतलं पिल्लू ओढून काढते आणि घरट्याकडे घेऊन जाते. अशा वेळी सगळा गोळा रिकामा होत नाही. ज्या अंड्यावर माशी बसली ते आणि फार तर आजूबाजूची काही अंडी फुटतात, पलीकडची झोपलेलीच राहतात. बुरशीही लागते, तिचे धागे एकेका अंड्याला वेढत पसरतात, तेव्हाही जवळची पिल्लं लवकर निघतात. पुराने पान बुडालं तरी निघतात, ते वर आलंच आहे.

त्या श्वासाबद्दल थोडं अजून. अंडं हवेत असलं तरी आतल्या द्रवात प्राणवायू सगळीकडे सारखा नसतो. जेलीला चिकटलेल्या बाजूला तो फार कमी आणि हवेकडच्या पृष्ठभागाजवळ जास्त. म्हणून पिल्लू आपले कल्ले, पिसांसारखे लांब आणि लालसर, अंड्याच्या उघड्या बाजूला पसरून बसतं. गॅलरीत उन्हाला पाठ देऊन बसलेल्या आजोबांसारखं ते जागा नेमकी धरून असतं आणि सरकलं की परत येतं. अंडं फुटून पाण्यात पडलं की हेच कल्ले काही मिनिटांत आक्रसतात. पाण्यात आतले कल्ले पुरतात, आणि बाहेरची पिसं लोंबत ठेवली तर पोहायला अडचण. आठवडाभर ज्यावर जगलं ते मिनिटांत आवरतं घ्यायचं. घाई या बेडकाच्या रक्तातच असावी.

पाण्यात मग बेडूकमासा मधल्या थरात तिरका लटकून शेपटीचं टोक थरथरवत राहतो, आणि पुढे चार पाय फुटून काठावर चढतो. तेव्हाही त्याचे डोळे लाल नसतात, पिवळे असतात. कॅलेंडरवर यायला त्याला अजून वेळ असतो.

एवढा चौकस जीव टिकून आहे का, असं कुणी विचारलं तर उत्तर बरंचसं समाधानकारक आहे. बेडकांच्या कातडीला लागणाऱ्या कायट्रिड बुरशीने पनामात गेल्या काही दशकांत हाहाकार केला. डोंगरातले कितीतरी बेडूक गेले, त्या देशाचं लाडकं प्रतीक असलेला सोनेरी बेडूकही रानातून दिसेनासा झाला. लाल डोळ्यांच्या बेडकाचा जवळचा नातलग लेमूर पर्णबेडूक आज अतिसंकटग्रस्त आहे. हा मात्र सखल भागात अजून भरपूर आहे. त्याची खरी अडचण पुन्हा तो चेहराच. पाळीव प्राण्यांच्या बाजारात याला मोठी मागणी असल्यामुळे २०१० साली अगॅलिक्निस नाव लावणाऱ्या सगळ्याच बेडकांचा आंतरराष्ट्रीय व्यापार ‘साइट्स’ या वन्यजीवांच्या व्यापारावर लक्ष ठेवणाऱ्या जागतिक कराराच्या दुसऱ्या परिशिष्टाखाली आणला गेला. काचेच्या पेटीत तो जगतो, चांगला जगतो. तिथे साप येत नाही आणि पाऊसही नळाचा असतो.

गांबोआच्या डबक्यावर मात्र बऱ्याच पानांवर काहीच घडत नाही. साप दुसऱ्या झुडपाकडे वळलेला असतो, माशीला जवळ दुसरं काही सापडलेलं असतं. अशी पिल्लं सहाव्या दिवशीही थांबतात, आणि थांबतात ती बहुधा अंधार पडेपर्यंत, कारण उजेड सरलेला त्यांना कळतो. दिवेलागण झाली की गोळ्याच्या एका कडेला हालचाल होते. एक नाकाड बाहेर येतं. वळवळत पानाच्या टोकापर्यंत जातं, थेंबासारखं तिथे क्षणभर लोंबतं आणि खाली पडतं. मागोमाग दुसरं. खालून ऐकणाऱ्याला वाटावं की पावसाला सुरुवात झाली.